ब्लॉकिंग पेप्टाइड घातलं, बँड गेला. मग अँटीबॉडी खरी मानायची का?

मीठपाणी
सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. मी नागपुरात फिजिओलॉजीत पीएच.डी. करते, चौथं वर्ष संपत आलंय. जास्त मीठ खाल्लेल्या रॅटच्या मूत्रपिंडात अँजिओटेन्सिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाचा) टाइप-१ रिसेप्टर (पुढे नुसतं एटी-१ म्हणते) वाढतो की घटतो, हा माझा विषय. चौदा रॅट, सहा आठवडे खारट चारा, शेवटी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेन नावाच्या कागदावर उतरवायची आणि हवं ते अँटीबॉडीने शोधायचं; ती जिथे धरते तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो). पेपर पाठवला. दोन नंबरच्या रिव्ह्यूअरने लिहिलं की अँटीबॉडी नेमकी आहे याचा पुरावा म्हणून पेप्टाइड कॉम्पिटिशन दाखवा, म्हणजे ज्या तुकड्यावर (पेप्टाइडवर) अँटीबॉडी बनवली तोच आधी तिच्यात मिसळून बँड जातो का ते. एक ओळ. त्या एका ओळीपायी माझे अडीच महिने गेले. इंडेंट, मग तीन कोटेशनं, मग 'हा माल एकाच कंपनीकडे मिळतो' असं प्रमाणपत्र, मग वितरकाचा फोन की ड्राय आइस संपलाय, सोमवारी पाठवतो. आली ती करंगळीच्या पेराएवढी कुपी. तळाशी २५० मायक्रोलिटर पाणी, त्यात ५० मायक्रोग्रॅम पेप्टाइड.

अँटीबॉडी सशातली पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) आहे, अ‍ॅफिनिटी प्युरिफाइड, मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम. रिसेप्टरच्या सुरुवातीच्या टोकाच्या १५ अमिनो आम्लांवर बनवली आहे, एवढं पत्रकात लिहिलंय. मी ती १:५०० वापरते. म्हणजे ५ मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, वजनात २ मायक्रोग्रॅम. पत्रक म्हणतं पेप्टाइड वजनाने पाचपट घ्या, म्हणून १० मायक्रोग्रॅम घेतलं, ५० मायक्रोलिटर.

पेप्टाइड नसताना तीन बँड दिसतात. एक ४३ किलोडाल्टनला (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), सुरेख, धारदार, सुरीने कापल्यासारखा. एटी-१ मध्ये ३५९ अमिनो आम्लं आहेत, त्यांचं वजन साधारण एवढंच भरतं, त्यामुळे हाच आपला, असं सर पहिल्या दिवसापासून म्हणतात. दुसरा ५५ च्या आसपास. तिसरा १०० च्या जरा खाली, त्याला सर 'डायमर', म्हणजे दोन रेणूंची जोडी, म्हणतात. पेप्टाइड घातल्यावर ४३ आणि १०० दोन्ही साफ गेले. ५५ जसाच्या तसा राहिला.

सर खूश आहेत. म्हणाले, झालं, फोटो लाव आणि पाठव. मला मात्र त्या ५५ ने झोप लागू दिलेली नाही. पेप्टाइडने तो का गेला नाही? आणि जे गेले ते खरंच एटी-१ होते असं यावरून म्हणता येतं का? विचारायला इथे दुसरं कुणी नाही. आमच्या मजल्यावर ब्लॉट करणारी मी एकटीच.

ठाणे_ते_बॉस्टन
मंगळवार, सकाळी ६.०५

रिव्ह्यूअरने जे मागितलं ते तुझ्याकडे आहे. दे आणि मोकळी हो. ५५ चा बँड 'नॉन-स्पेसिफिक' असा बाण काढून दाखव, सगळे तेच करतात. चौथं वर्ष संपताना नवीन शंका काढायच्या नसतात, हे मी माझ्या पाचव्या वर्षात शिकलो. फेलोशिप कधी संपतेय ते आधी बघ.

सशाचीआई
मंगळवार, दुपारी ३.४५

बॉस्टनकर, तुमचं फेलोशिपचं म्हणणं पटतं. बाकीचं नाही. मुलीने विचारलंय ते बरोबर विचारलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. मी परळच्या एका संस्थेत एकतीस वर्षं टेक्निकल ऑफिसर होते. अँटीबॉडी विकत मिळत नव्हत्या तेव्हा आम्ही त्या सशांत करायचो, म्हणून हे नाव. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हात अजून शिवशिवतात.

आधी सोपं ते. मीठपाणी, मूत्रपिंड काढण्यापूर्वी रॅटमधून मीठपाणी सोडून रक्त धुऊन काढलं होतंस का? माझा अंदाज, नाही. (नाव मीठपाणी आणि तेवढंच राहिलं!) मूत्रपिंडात रक्त भरपूर, रक्तात रॅटचं स्वतःचं आयजीजी, म्हणजे त्याच्याच अँटीबॉडी. जेलवर त्याची जड साखळी ५० ते ५५ ला येते, हलकी २५ ला. तुझी सेकंडरी, म्हणजे सशातल्या अँटीबॉडीला (प्रायमरीला) धरून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, अँटी-रॅबिट आहे. सशाचं आयजीजी आणि रॅटचं आयजीजी काही अगदी परकी माणसं नव्हेत, स्वस्तातली सेकंडरी दोघांनाही धरते. या बँडला तुझ्या प्रायमरीची गरजच नाही, मग पेप्टाइड त्याला कसं घालवणार? तपासायला एक दुपार पुरे. मेम्ब्रेनच्या एका पट्टीवर प्रायमरी घालूच नकोस, नुसती सेकंडरी घाल. ५५ तरीही दिसला तर तो निकालात निघाला. पुढच्या वेळी रॅटच्या सीरमवर शोषून घेतलेली सेकंडरी मागव, कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असतं.

आता अवघड ते.

ब्लॉकिंग पेप्टाइड करतं तरी काय? ज्या पंधरा अक्षरांच्या तुकड्यावर सशाने अँटीबॉडी केली, तोच तुकडा तू आधीच तिच्या हातात देतेस. दोन्ही हात भरलेले, आता ती मेम्ब्रेनवर काही धरू शकत नाही. किती भरलेले, हिशोब करून बघ. २ मायक्रोग्रॅम आयजीजी म्हणजे साधारण १३ पिकोमोल, प्रत्येकाला दोन हात, म्हणजे २६-२७ पिकोमोल जागा. पंधरा अमिनो आम्लांचं पेप्टाइड धर १७०० डाल्टनचं, तर १० मायक्रोग्रॅम म्हणजे जवळजवळ ५९०० पिकोमोल. एका हातामागे सव्वादोनशे रेणू. पत्रकातलं 'पाचपट' वजनात आहे म्हणून किरकोळ वाटतं. एवढ्या गर्दीत एकही हात रिकामा राहत नाही, त्यामुळे तुझे दोन बँड गेले यात नवल नाही.

पण त्यातून सिद्ध काय झालं? एवढंच, की ते दोन बँड अँटीबॉडीने हातानेच धरले होते, शेपटी चिकटून किंवा सेकंडरीच्या घोळाने आले नव्हते. हातात धरलेलं प्रथिन एटी-१ च होतं, हे सिद्ध झालं नाही.

आमच्याकडे नवीन मुलं आली की मी त्यांना सदाशिव पेठेत न्यायचे, म्हणजे तोंडी. समज, तू चौकात उभी राहून ओरडलीस, "अहो कुलकर्णी!" सात माणसं वळून बघतात. तुला हवे असलेले कुलकर्णी त्यात असतील, नसतीलही. कदाचित ते आज गावालाच गेलेत. आता मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. हाक आली नाही, कुणीच वळलं नाही. म्हणून मी म्हणू का, की मघाशी वळलेले ते आपलेच कुलकर्णी होते? अँटीबॉडीला पूर्ण नाव-पत्ता कळत नाही. तिला पाच-सात अमिनो आम्लं कळतात, म्हणजे आडनाव. ते आडनाव दुसऱ्या प्रथिनातही असू शकतं, आणि पेप्टाइड घातलं की दोन्हीकडचे बँड एकदमच जातात.

यातून निघतं ते उफराटं आहे, आणि कॅटलॉगवाले ते कधी सांगत नाहीत. पुरेसं पेप्टाइड घालूनही जो बँड उरला तो नक्की कचरा. जो गेला तो संशयित. पेप्टाइडला दोषी पकडता येतो, निर्दोष सोडता येत नाही.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, सात नंबरच्या सशाने शिकवलं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. शुक्रजंतूवरच्या एका प्रथिनाच्या शेवटच्या चौदा अमिनो आम्लांचं पेप्टाइड केलं, त्याच्या टोकाला एक जादा सिस्टीन लावून ते केएलएचला जोडलं. केएलएच म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं प्रथिन. एकटं पेप्टाइड इतकं लहान असतं की सशाचं शरीर त्याची दखलच घेत नाही, या धिप्पाड परक्या प्रथिनाच्या पाठीवर बसवलं की घेतं. पहिलं इंजेक्शन फ्रॉइंडच्या (प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या) पूर्ण अ‍ॅडज्युव्हंटमध्ये, पुढची अपूर्णमध्ये, दर चार आठवड्यांनी. मग कानाच्या कडेच्या शिरेतून रक्त. सहा सशांपैकी सातव्याचा (एक आधी मेला होता, नंबर मात्र त्याचाच राहिला) टायटर (रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण) एवढा चढला की आमच्या प्रमुख बाईंनी पेढे वाटले. ब्लॉटवर ६६ ला झकास बँड. पेप्टाइड घातलं, बँड गेला. आणखी पेढे.

दोन वर्षांनी एका मुलीने चुकून यकृताच्या लेनवर तीच अँटीबॉडी चालवली. ६६ ला बँड. रक्ताच्या लेनवर चालवली, त्याहून जाड. मग माझ्या डोक्यात किडा शिरला. फ्रीजमध्ये रॅटच्या शुद्ध अल्ब्युमिनची बाटली होती, अल्ब्युमिन ६६ लाच येतं. एका लेनमध्ये नुसतं तेच घातलं, दुसरं काहीही नाही. बँड पेटला. पेप्टाइड घातलं, विझला. म्हणजे दोन वर्षं आम्ही ज्याला शुक्रजंतूचं प्रथिन म्हणत होतो ते रक्त होतं, आणि आमचं पेप्टाइड प्रत्येक वेळी इमानेइतबारे साक्ष देत होतं. पेढे परत कोण मागणार?

आता तुझ्या एटी-१ कडे. बस खाली. २०१३ साली 'हायपरटेन्शन' या नियतकालिकात एक पेपर आला. उंदरांना या रिसेप्टरचे दोन प्रकार असतात, एटी-१ए आणि एटी-१बी. एक किंवा दोन्ही जीन काढून टाकलेल्या उंदरांची मूत्रपिंडं घेऊन त्यांनी बाजारातल्या, सगळे वापरतात त्या तीन अँटीबॉडी तपासल्या. अपेक्षित वजनाला बँड आले. साध्या उंदरात आले आणि ज्याच्या अंगात रिसेप्टर औषधालाही नाही त्या उंदरातही आले, तसेच्या तसे. तुझी अँटीबॉडी त्या तिघींपैकी आहे की नाही ते मी सांगू शकत नाही, पण ४३ चा बँड 'हाच आपला' म्हणण्याआधी सरांना तो पेपर वाचायला दे.

आणखी एक खटकतं. एटी-१ हा सात वेळा पडद्यातून आरपार जाणारा, बाहेरून तीन ठिकाणी साखर लावलेला रिसेप्टर. असली प्रथिनं जेलवर सुरीने कापल्यासारखी येत नाहीत, धुरासारखी पसरतात. तुझा बँड सुंदर आहे हीच त्याची अडचण. आणि त्या 'डायमर'बद्दल मी बोलत नाही. एकतीस वर्षांत ज्या बँडचं वजन जुळलं नाही तो प्रत्येक बँड कुणाचा ना कुणाचा डायमर होता. नमुने ९५ अंशाला उकळलेस का? पडद्यातली प्रथिनं उकळली की एकमेकांत अडकून गोळा होतात. ३७ ला अर्धा तास ठेवून बघ.

२०१६ मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटीबॉडी तपासायच्या पाच वाटा मांडल्या. जीन काढून किंवा दाबून बघणं, अँटीबॉडीशिवायच्या दुसऱ्या पद्धतीशी आकडे ताडणं, वेगळी जागा ओळखणारी दुसरी अँटीबॉडी लावणं, ओळखीची खूण (टॅग) लावलेलं प्रथिन पेशीत घालणं, आणि अँटीबॉडीने काय ओढून आणलं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने वाचणं. पाचांत ब्लॉकिंग पेप्टाइड नाही. रिव्ह्यूअरला हे माहीत नसावं, किंवा असेल आणि सोपं ते मागितलं असेल.

तुझ्या हातात जमण्यासारखी चौथी वाट आहे. एचईके पेशी (माणसाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या) घे, त्यांच्यात हा रिसेप्टर जवळजवळ नसतो. निम्म्यांत टॅग लावलेला एटी-१ घाल, निम्म्या तशाच ठेव. दोन्ही शेजारी शेजारी चालव.

आणि पेप्टाइडचा प्रयोग दाखवणारच असशील तर नीट कर. अँटीबॉडी आणि पेप्टाइड थेट ५ मिलिलिटरात ओतून लगेच मेम्ब्रेनवर घातलंस ना? बहुतेक सगळे तेच करतात. आधी अर्ध्या मिलिलिटरात दोघांना एकत्र दोन तास फिरत ठेव, नाहीतर रात्रभर ४ अंशाला, मग पातळ कर. शेजारच्या ट्यूबमध्ये तेवढीच अँटीबॉडी आणि तेवढंच कुठलं तरी असंबद्ध पेप्टाइड. एकच मेम्ब्रेन मधोमध कापायची, दोन्ही तुकडे एकाच फिल्मवर, एकाच एक्स्पोजरला. सोमवारचा ब्लॉट आणि गुरुवारचा ब्लॉट शेजारी चिकटवलेला मला फोटोवरून ओळखता येतो.

कच्चा_माल
मंगळवार, रात्री ९.१०

सशाचीआई, दंडवत. मी पलीकडच्या बाजूचा, हैदराबादला पेप्टाइड बनवतो. (मूळ सांगलीचा.) आमच्याकडे हे पेप्टाइड म्हणजे फार तर चार दिवसांचं काम. मेरिफिल्डने १९६३ मध्ये दाखवलेली रीत: साखळीचं शेवटचं टोक रेझिनच्या मण्याला बांधायचं आणि मागून पुढे एकेक अमिनो आम्ल जोडत यायचं, प्रत्येक जोडणीनंतर मणी धुवायचे. त्याला १९८४ चं नोबेल मिळालं. आता यंत्र करतं. आम्ही मोबाइल बघतो.

कामाच्या दोन-तीन गोष्टी. कुपीवर लिहिलेलं वजन म्हणजे सगळं पेप्टाइड नव्हे. रेझिनवरून सोडवताना आम्ही ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरतो, ते मीठ होऊन सोबत राहतं, थोडं पाणीही. कोरड्या भुकटीत खरं पेप्टाइड ६० ते ८० टक्के भरतं. ब्लॉकिंगला फरक पडत नाही, सव्वादोनशेचे दीडशे झाले तरी गर्दी ती गर्दीच. पण हिशोब लिहिताना कुपीवरचा आकडा तसाच लिहू नका. भुकटी विरघळवलीत तर पाणी आंबट होतं, पीएच बघा. तेलकट क्रम असेल तर आधी दोन थेंब डीएमएसओ (एक द्रावक). क्रमात सिस्टीन असेल तर ठेवून ठेवून दोन-दोन जुळतात, म्हणून आल्या दिवशीच छोटे भाग करून -२० ला.

असंबद्ध पेप्टाइड हवंय तर सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच अमिनो आम्लांची अदलाबदल करून केलेलं. वजन तेच, चार्ज तोच, आडनाव वेगळं. पण त्यासाठी मूळ क्रम माहीत हवा, आणि बऱ्याच कंपन्या तो 'गोपनीय' म्हणतात. मी उलट विचारतो, ज्याचा क्रम सांगत नाही ते पेप्टाइड तू प्रयोगात कशाला घातलंस? पत्र लिहा, मागा, कधी कधी देतात.

तुमच्या बाबतीत मात्र क्रम अंदाजता येतो, कारण रॅटच्या एटी-१ए ची सुरुवात छापील आहे: मेथिओनिन, अ‍ॅलानिन, ल्युसिन, अ‍ॅस्परॅजिन, सेरिन, सेरिन... चौथा अ‍ॅस्परॅजिन बघा. अ‍ॅस्परॅजिन, मग कुठलंही एक, मग सेरिन. ही साखर बसायची ठरलेली जागा. आईंनी तीन साखरा म्हटल्या त्यातली ही एक. यंत्रात बनवलेल्या पेप्टाइडला साखर नसते, ससा बोडक्या तुकड्यावर अँटीबॉडी करतो. मूत्रपिंडातला खरा रिसेप्टर मात्र त्या जागी साखरेचं झाड घेऊन उभा. अँटीबॉडीला तो ओळखूही येणार नाही, अशी शक्यता आहे. पेप्टाइडशी तिचं गूळपीठ आणि प्रथिनाशी ओळख नाही! पेप्टाइड कॉम्पिटिशनमध्ये ही भानगड कधीच दिसणार नाही, कारण तिथे पेप्टाइड पेप्टाइडलाच साक्षीला बोलावतं.

जाता जाता, फॉस्फो अँटीबॉडी (प्रथिनाला फॉस्फेट लागलेला असेल तरच धरणारी) वापरणाऱ्यांनी एक नव्हे, दोन पेप्टाइडं घ्यावीत, फॉस्फेटसह आणि फॉस्फेटविना. पहिल्याने बँड जायला हवा, दुसऱ्याने जायला नको. एकच घेऊन समाधान मानणारे ग्राहक मला दर महिन्याला भेटतात.

ठाणे_ते_बॉस्टन
बुधवार, सकाळी ५.५०

बरं, हरलो. आमच्या लॅबमध्ये एकाने ब्लॉकिंग पेप्टाइडची अख्खी कुपी मेम्ब्रेन 'ब्लॉक' करायला दुधाऐवजी वापरली होती, नाव वाचून. तो मी नव्हतो.

सशाचीआई
बुधवार, सकाळी ८.१५

प्रत्येक लॅबमध्ये एक असतो. आणि तो कुणीच नसतो.

मीठपाणी
पंचवीस दिवसांनी, रविवार

काकू (म्हणू ना?), कच्चा_माल दादा, मोठं उत्तर देते. सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

५५: नुसत्या सेकंडरीवर दिसला. आयजीजीच. मूत्रपिंडं धुतली नव्हती, तुम्ही बरोबर ओळखलंत. २५ लाही फिकट बँड होता, तो मी इतके दिवस जेलच्या खालच्या कडेचा डाग समजत होते.

पेप्टाइड नीट केलं. असंबद्ध पेप्टाइड शेजारच्या विभागात मिळालं, कुणाच्या तरी जुन्या प्रोजेक्टमधलं, सोळा अमिनो आम्लांचं. एकच मेम्ब्रेन, मधोमध कापली. असंबद्धाने काहीच हललं नाही, खऱ्याने ४३ गेला. ३७ ला नमुने तापवले तर 'डायमर' जवळजवळ नाहीसाच झाला, पेप्टाइडशिवायच. तेवढ्यावर सर म्हणाले, बघ, किती स्वच्छ झालं.

मग एचईके. पुण्यातल्या एका लॅबने प्लाझ्मिड (जीन पेशीत घालायचं डीएनएचं वर्तुळ) दिलं, रॅटचा एटी-१ए, शेपटीच्या टोकाला एचए टॅग. (माझी अँटीबॉडी सुरुवातीच्या टोकाची, म्हणजे टॅग मध्ये येत नाही, हे मी आधी तपासलं.) एचए अँटीबॉडीने प्लाझ्मिड घातलेल्या पेशींत ५५ पासून ९० पर्यंत धूर दिसला, अगदी तुम्ही म्हणालात तसा. साध्या पेशींत कोरं. त्याच मेम्ब्रेनच्या दुसऱ्या अर्ध्यावर माझी अँटीबॉडी: धुराच्या जागी काही नाही. ४३ ला सुरेख बँड, दोन्ही पेशींत, सारखाच. आणि पेप्टाइड घातलं, दोन्हीकडचा गेला.

तो फोटो घेऊन मी अर्धा तास जिन्यात बसले होते. चौदा रॅटचे आलेख त्या ४३ वर काढलेत मी. मीठ खाल्लेल्यांत ४३ वाढतो, हे खरं आहे, तीनदा केलंय. फक्त तो काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

सरांना दाखवलं. आधी म्हणाले, प्लाझ्मिड नीट बसलं नसेल. मग एचएचा धूर बघून गप्प झाले. दोन दिवसांनी स्वतःच २०१३ चा पेपर छापून माझ्या टेबलावर ठेवला, समासात पेन्सिलीने एकच प्रश्नचिन्ह. आता ठरलंय असं: ब्लॉटची आकृती काढायची, आरएनए (जीन किती चालू आहे त्याचं माप) ठेवायचं (ते आधीच केलेलं आहे, प्रायमर ए आणि बी दोघांचे वेगवेगळे), आणि किरणोत्सारी अँजिओटेन्सिन बांधून बघणारी लॅब शोधायची. आयोडीन-१२५ चा परवाना आमच्याकडे नाही. मूत्रपिंडांचे निम्मे तुकडे -८० ला आहेत, तेवढी तरी अक्कल होती.

एक विचारायचं राहिलं. एचईकेचा फोटो पेपरमध्ये लावायचा का? की नुसतं 'ब्लॉट काढून टाकला' म्हणायचं?

सशाचीआई
रविवार, संध्याकाळी ६.३०

लाव. पुरवणीत का होईना, लाव. अँटीबॉडीचा कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर दोन्ही लिही, लॉट बदलला की पॉलिक्लोनल बदलते, ससा वेगळा असतो. आम्ही सातव्या सशाचं छापलं नव्हतं. बाई म्हणाल्या, चूक कोण छापतं. त्यानंतर चार वर्षांनी दुसऱ्या शहरातल्या एका मुलाने माझ्याकडे तेच पेप्टाइड मागायला पत्र लिहिलं, त्याला ६६ ला बँड मिळाला होता म्हणून. मी त्याला अल्ब्युमिनची गोष्ट हाताने लिहून पाठवली, तीन पानं.

काकू चालेल. तुकड्यांचं बाकी फार वाट बघू नकोस. बांधणीच्या प्रयोगाला -८० चे काप चालतात, पण दार उघड-बंद होणाऱ्या फ्रीजरमधले नाहीत. तुमच्याकडे लाइट जाते तेव्हा जनरेटरवर कुठला फ्रीजर असतो ते आधी विचार.

मीठपाणी
रविवार, रात्री १०.०५

विचारलं. आमचा नाही, शेजारच्या विभागाचा असतो. उद्या सकाळी डबा हलवते.

आणि कुपीत अजून १०० मायक्रोलिटर पेप्टाइड आहे, दोन ब्लॉटपुरतं. कुणाला एटी-१ च्या याच टोकाची अँटीबॉडी तपासायची असेल तर सांगा, ड्राय आइसचा खर्च तुमचा.